हात लागलेलं पीठ

सातपूर कॉलनी, नाशिक
४ फेब्रुवारी १९७९

ती. भिकनदादास,
मालनचा सप्रेम जयभीम.

यांच्या कंपनीचं काय झालं, असं तू विचारलंस. काय व्हायचं? दिवाळीत लागलेलं टाळं तसंच आहे. गेटवर आता वॉचमनसुद्धा नसतो, नुसती कुत्री झोपलेली असतात. तरी हे रोज सकाळी आंघोळ करून निघतात, गेटपर्यंत जातात आणि परत येतात. मी काही बोलत नाही. पण दादा, नुसतं गप्प बसून चूल पेटत नाही.

मी एक ठरवलंय. ओरडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

आमच्या कॉलनीत एवढी बिऱ्हाडं, पण गिरणी एकही नाही. बायका डोक्यावर डबे घेऊन त्र्यंबक रोड ओलांडून पार गावातल्या गिरणीवर जातात. डबा ठेवून घरी यायचं, पुन्हा आणायला जायचं. मागल्या आठवड्यात मी बाजरी टाकली तर पिठात निम्मी ज्वारी. भाकरी धड काळी नाही, धड पांढरी नाही. यांनी मुकाट्यानं खाल्ली, पण मला घास गोड लागेना. तव्यासमोर बसल्या बसल्याच मनात आलं, आपणच का गिरणी घालू नये?

यांचा सगळा जन्म मोटरी दुरुस्त करण्यात गेला. घरापुढची पत्र्याची शेड मोकळीच आहे. मी बँकेत जाऊनही आले. गरीब माणसाला थोड्या व्याजावर छोटं कर्ज द्यायची योजना निघाली आहे. मॅनेजरसाहेबांनी बसायला खुर्ची दिली. मी अवघडून टोकावर बसले होते, ते म्हणाले, "नीट बसा, खुर्ची बँकेची आहे, मोडत नाही." अर्ज माझ्याच नावानं करणार आहे. यांचं मन अजून त्या गेटवरच आहे.

फक्त एक पगारदार जामीन पाहिजे. असा माणूस माझ्या माहितीत एकच, इगतपुरीचा पॉइंट्समन. फॉर्म सोबत पाठवतेय.

वहिनींना जयभीम सांग.

तुझी,
मालन

*

रेल्वे क्वार्टर्स, इगतपुरी
१३ फेब्रुवारी १९७९

चि. मालनला,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी ओरडलो. तुझी वहिनी म्हणाली, "ती नाशकात हाय, इथनं ऐकू जायचं नाय." म्हणून दुसऱ्यांदा शांतपणे वाचलं.

मालन, तू सातवी पास झालीस. आपल्या घरातल्या बायकांत तू पहिली. ती काय लोकांची दळणं दळायला? इथल्या रेल्वेच्या दवाखान्यात आयांच्या जागा निघणार आहेत. मी मोठ्या बाबूंच्या कानावर घालून ठेवलं आहे. पगार, पास, क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन. नोकरीत पहिली तारीख येते म्हणजे येतेच, ती कुणाला विचारून येत नाही. धंद्याचं तसं नसतं. धंदा म्हणजे गिऱ्हाइकाची मर्जी, आणि ती मर्जी तू अजून पाहिलेली नाहीस. मी पाहिली आहे. जास्त लिहीत नाही.

सहादूरावांना सांग, रोज गेटवर जाऊ नका. बंद पडलेल्या लाइनीवर गाडीची वाट बघून उपयोग नसतो.

आता ऐकणारच नसशील तर निदान एवढं ऐक. मोटर घेताना वॉरंटीचा कागद शिक्क्यासह घे. पट्ट्याजवळ पदर खोचल्याशिवाय जायचं नाही. मशीन चालू असताना आत हात घालायचा नाही. अंगठी असली तर काढून ठेवायची. तुझ्याकडे अंगठी नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.

फॉर्मवर सही केली आहे. मनापासून केली आहे असं समजू नकोस.

तुझा,
भिकनदादा

*

सातपूर कॉलनी, नाशिक
२० जून १९७९

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

गिरणी सुरू झाली!

कर्ज मिळालं, मग विजेच्या कनेक्शनची वाट बघण्यात दीड महिना गेला, पण शेवटी झालं सगळं. मशीन टेम्पोतून उतरवायला अख्खी लाइन आली होती. दगड इतके जड, की चार गडी लागले आणि सल्ले देणारे चाळीस. नव्या दगडाची कच निघून जावी म्हणून पहिलं दळण गुरांना घालायचं असतं. मी खाली बसून त्या पहिल्या पिठाला हात लावला, तर गरम. नुकत्याच तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं गरम. दादा, मला वाटलं आपल्याच घरात कुणीतरी जन्माला आलं.

उद्घाटनाला तू येशील असं वाटलं होतं. ड्यूटी असेल. मॅनेजरसाहेब आले, त्यांच्याच हातून बटण दाबून घेतलं. ते पांढरा शर्ट घालून आले होते म्हणून त्यांच्या अंगावरचं पीठ कुणाला दिसलं नाही.

समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलाय. आत येणाऱ्याला पहिला तोच दिसतो.

गिऱ्हाईक बरं आहे. नवीन गिरणी म्हटल्यावर लोकांना सवय व्हायला वेळ लागतोच. तू काळजी करू नकोस. एकदा येऊन बघून जा.

मी पदर खोचूनच असते.

तुझी,
मालन

*

इगतपुरी
९ ऑगस्ट १९७९

चि. मालन हीस,
सुलावहिनीचा जयभीम.

हे पत्र मी लिहिलं हे तुमच्या दादांना माहीत नाही. ते ड्यूटीवर गेलेत. इथं पाऊस असा लागलाय की दोन हप्ते कपडे वाळले नाहीत, सगळ्या घराला ओल्या गोधडीचा वास येतोय. पण सांगायचं ते वेगळंच आहे.

मागल्या सोमवारी तुमचे दादा नाशिकला आले होते. तुमच्याकडंच. तुमच्यासाठी हिरवं लुगडं घेतलं होतं, चांगलं, काठाचं. संध्याकाळी परत आले तर लुगडं पिशवीत तसंच. विचारलं तर म्हणाले, "भेट झाली नाही." दोन दिवस घरात बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी मी चूलच पेटवली नाही, म्हटलं, बोला नाहीतर उपाशी राहा. तेव्हा बोलले.

तुमच्या गिरणीसमोर चहाची टपरी आहे ना, तिथं ते बसले होते. दोन चहा घेतले. बायका डबे घेऊन तुमच्या दारावरनं पुढं पुढं जात होत्या. एक वळली नाही. आणि तुम्ही पायरीवर बसून मशीनचं फडकं धूत होतात. त्यांना उठून तुमच्यापर्यंत येववेना. तसेच स्टँडवर गेले.

ते रागावलेत असं तुम्हाला वाटत असेल. राग नाही तो. तुमच्या दादांना राग आला की ते आठ पानी पत्र लिहितात. गप्प बसले की समजायचं, दुसरंच काही आहे.

मला खरं सांगा. "बरं आहे" असं लिहू नका. बरं असतं तेव्हा माणूस "बरं आहे" लिहीत नाही.

तुमची,
सुलावहिनी

*

सातपूर कॉलनी, नाशिक
१७ ऑगस्ट १९७९

ती. सुलावहिनींस,
सप्रेम जयभीम.

दादा टपरीवर बसून दोन चहा पिऊन गेला आणि मला कळलंही नाही! त्या टपरीवाल्याचा चहा एक पिववत नाही. दोन प्यायला म्हणजे किती वेळ बसला असेल.

खरं सांगते. आमच्या लाइनीतली आपली घरं येतात, पण ती किती? बाकीच्या बायका येतात, दारातून फोटोकडे बघतात, आणि त्यांना अचानक काहीतरी आठवतं. "दूध ठेवलंय गॅसवर." "अगं, डबाच विसरले." डबा डोक्यावर असतो.

एक नवसाबाई मात्र पहिल्या दिवसापासून येते. कळवणकडची आहे, इथं एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळ चालवते. तिनं फोटोकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, म्हणाली, "सकाळच्याला बाजरी लवकर दळून देशील का?" मी म्हटलं, देईन. "मंग झालं," म्हणाली. तिच्या जिवावर वीजबिल निघतं.

आता परवाची गोष्ट. लाइनीच्या टोकाला चंद्रभागाबाई राहतात. मुलगा सुपरवायझर, घरी भजनी मंडळ, कॉलनीत त्यांचा शब्द चालतो. त्या स्वतः आल्या. पायरीवरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मालन, तू स्वच्छ बाई आहेस, मी सगळ्यांना सांगते. आम्ही सगळ्या तुझ्याकडेच येऊ. फक्त एक कर. धान्य आम्ही ओतू, पीठ आम्ही भरून घेऊ. तू नुसतं बटण दाब. पिठाला हात लावू नकोस. आणि तो फोटो आतल्या खोलीत लाव बाई, इथं पीठ उडतं, खराब होतो."

वहिनी, बोलणं इतकं गोड, की मी चहा ठेवायला उठणार होते. मग अर्थ डोक्यात शिरला.

हे म्हणतात, "नुसतं बटण दाबायला आपलं काय जातं? बँकेचा हप्ता तोंडावर आलाय." त्यांचंही चूक नाही. मी आठ दिवस मागून घेतलेत. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतंय.

दादाला यातलं कळू देऊ नका. तो म्हणेल, मी सांगितलं होतं.

तुमची,
मालन

*

इगतपुरी
२२ ऑगस्ट १९७९

चि. मालनला,
जयभीम.

तुझी वहिनी पत्र वाचत होती. तिचा चेहरा बघितला आणि पत्र हातातून घेतलं. तिची चूक नाही.

मी सांगितलं होतं, असं म्हणणार नाही. मी काय सांगितलं नव्हतं, ते आज सांगतो.

तू तेव्हा परकरात होतीस. रेल्वेत लागण्याआधी मी घोटीच्या बाजारात चहाची टपरी टाकली होती. पहिला बाजार छान गेला. लोक म्हणाले, पोरगा चहा झकास करतो. दुसऱ्या बाजारी एकानं बशी तोंडाला लावता लावता विचारलं, "कुणाचा रे तू?" मी सांगितलं. त्यानं बशी खाली ठेवली. तो गेला, मग दुसरा गेला. संध्याकाळी दूध तसंच्या तसं उरलं. मी ते घरी आणलं. तुम्ही पोरं पोटभर प्यालात आणि नाचलात, दादानं दूध आणलं, दादानं दूध आणलं. पुढच्या बाजारीही तेच झालं. तुम्ही पुन्हा नाचलात. तुम्हाला काय सांगणार होतो? आईला कळलं होतं. तिनं फक्त भांडं धुऊन पालथं घातलं.

चौथ्या बाजारी मी गेलो नाही. रेल्वेची भरती निघाली तेव्हा सगळ्यांच्या आधी रांगेत उभा होतो. म्हणून मी उठता बसता नोकरी नोकरी करतो. तुझी अक्कल काढायची म्हणून नाही.

टपरीवर बसून तुझी गिरणी बघितली, तेव्हा मला ते दूधच दिसत होतं. म्हणून उठून आलो. यायला नको होतं. भेटायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. त्या बाईंना सांग, नाही. नुसतं बटण दाबायचं नाही. फोटो आहे तिथून एक बोट हलवायचा नाही. त्यापायी गिरणी बंद पडली तर पडू दे. जामीन मी आहे. जामीन काय शोभेला असतो?

सहादूरावांना माझा जयभीम सांग, आणि त्यांना रागावू नकोस. घरात पगार नसला की माणसाचा सिग्नल कसाही पडतो.

तुझा,
भिकनदादा

*

सातपूर कॉलनी, नाशिक
२७ ऑगस्ट १९७९

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचायच्या आदल्याच दिवशी चंद्रभागाबाई येऊन गेल्या. तेव्हा तुझ्या परवानगीआधीच मी बोलून बसले होते. पण तुझं पत्र वाचलं आणि जे बोलले ते बरोबर होतं असं वाटून गाढ झोप लागली.

झालं असं. दगड गुळगुळीत झाले की त्यांना छिन्नीनं टाकी लावावी लागते, नाहीतर पीठ जाड येतं. टाकी लावणारा पाथरवट बोलावला की आठ दिवसांनी उगवतो, म्हणून दोनदा बघून मीच शिकले. त्या दिवशी वरचा दगड उतरवून मी छिन्नी हातोडी घेऊन बसले होते. केसांत, भुवयांत, सगळीकडे दगडाची भुकटी. तेवढ्यात बाई आल्या. बरोबर त्यांची सून आणि आणखी एक जण.

"मग, काय ठरवलंस?"

मी म्हटलं, "मावशी, हा दगड बघा. यावरचा एक एक टिचका माझ्या हातचा आहे. पट्टा मी चढवते. चाळणी मी धुते. तुमचे गहू याच दगडातून निघणार. त्यांना हात न लावता कसं दळू, ते तुम्हीच सांगा."

त्या दगडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू मुद्दामच करतेस."

"मुद्दाम नाही, रोज करते. हात न लागलेलं पीठ पाहिजे असेल तर माझ्याकडे नाही ते. हात लागलेलं आहे, आणि चांगलं आहे."

मागं उभी असलेली सून फस्सकन हसली आणि लगेच खोकल्यासारखं केलं. बाईंनी पदर सावरला. "मग राहिलं."

मी म्हटलं, "राहिलं तर राहिलं. पण पाय दुखले तर दार उघडं आहे."

त्या गेल्यावर मी छिन्नी हातोडी खाली ठेवली. हे सगळं आतून ऐकत होते. बाहेर आले, हातोडी उचलून उरलेली टाकी त्यांनी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर गेले नाहीत. बघते तर पत्र्याच्या पाटीला रंग देत बसलेले. "सौ. मालनबाई गांगुर्डे यांची पिठाची गिरणी." एवढं मोठं, की टपरीवरून वाचता येतं.

दादा, ते दूध मला आठवतं. वर जाड साय होती. मला वाटायचं आपण श्रीमंत झालो.

गिऱ्हाईक अजून कमीच आहे. या वेळी खोटं लिहीत नाही.

तुझी,
मालन

*

सातपूर कॉलनी, नाशिक
५ नोव्हेंबर १९७९

ती. दादास व सुलावहिनींस,
सप्रेम जयभीम.

दोन महिने पत्र नाही म्हणून वहिनी रागावल्या असतील. कारण ऐकाल तर राग जाईल. मला लिहायला फुरसत नव्हती!

लोकांची मनं बदलली असं लिहायला मला आवडलं असतं. काहींची बदललीही असतील, मी आत शिरून पाहिलं नाही. पण बऱ्याच जणींचे गुडघे बोलायला लागले. दिवाळीच्या तोंडावर त्र्यंबक रोड पाइपलाइनसाठी खणून ठेवला. डोक्यावर चकलीच्या भाजणीचा डबा घेऊन त्या चरावरच्या फळीवरून कोण जाणार? एकजण घसरली, डबा चरात, सगळी भाजणी मातीत. बाईला काही लागलं नाही, पण ती रडत रडत माझ्या दारावरून चालली होती. मी हाक मारली, घरातली डाळ, तांदूळ, होतं ते भाजून दिलं आणि दळूनही दिलं. तिच्या चकल्या इतक्या खुसखुशीत झाल्या म्हणे, की तिनं स्वतःच चार घरी सांगितलं.

तिकडे नवसाबाईनं नळावर तोंड सोडलं. "ज्यायला ज्यायला ही गिरणी चालत नाय ना, त्यांच्या मालकांनी लगीन होईस्तोवर माझ्याकडं याच गिरणीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्यात. कुणी बाटला का? उलटं अंगानं भरले!" मी म्हटलं, नवसाबाई, तेव्हा माझी गिरणी नव्हती. ती म्हणाली, "तू गप. त्यांना काय तारखा ठाऊक हायेत?"

आणि ऐका. एके दुपारी चंद्रभागाबाईंची सून गव्हाचा डबा घेऊन आली. उघड, सगळ्यांसमोर. मी विचारलं, सासूबाई काय म्हणतील? ती म्हणाली, "त्याच म्हणाल्या, दळण कुठून आणलंस ते मला सांगू नकोस, म्हणजे मी विचारणार नाही." आम्ही दोघी इतक्या हसलो, की यांनी मशीन बंद करून विचारलं, काय मोडलं?

सगळ्या येतात असं नाही. पाच-सहा घरं अजून फळीवरून जातात. जाऊ देत. हप्ता वेळेवर गेला. मॅनेजरसाहेब म्हणाले, आणखी काही लागलं तर सांगा. मी या वेळी खुर्चीवर नीट मागं रेलून बसले होते.

तुमची,
मालन

*

सातपूर कॉलनी, नाशिक
२९ मार्च १९८२

ती. सुलावहिनींस,
सप्रेम जयभीम.

घाईत कार्ड टाकतेय. पहिलं कर्ज फिटल्यावर दुसरं घेतलं हे तुम्हाला माहीत आहेच. त्यातून शेवयांचं मशीन आणि मिरची कुटायचं डंख असं दोन्ही घेतलं. आता चैत्र लागला, शेवया, कुरडया, मसाले, बाहेर रांग रस्त्यापर्यंत. मदतीला दोन बायका ठेवल्यात. आणि नेमकं याच वेळी यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तब्येत छान आहे, पण डॉक्टरांनी दोन महिने जड उचलायला मनाई केलीय. हे खाटेवर पडून आवाजावरून सांगतात, पट्टा ढिला झालाय, पट्टा ढिला झालाय.

दादाची रजा शिल्लक असेल तर आठ दिवसांसाठी पाठवता का? त्याला म्हणावं, टपरीवर बसायचं नाही, सरळ आत यायचं.

तुमची,
मालन

*

सातपूर कॉलनी, नाशिक
११ एप्रिल १९८२

सौ. सुला हीस,
भिकनचा जयभीम.

मी खुशाल आहे. आठ दिवसांची रजा वाढवून मागितली आहे, त्यामुळे तू एवढ्यात वाट बघू नकोस. माझे जुने दोन शर्ट कुणाबरोबर तरी पाठव. नवे सगळे एकाच रंगाचे झाले आहेत.

इथं माझी काय गत आहे ती ऐक. पहाटे नवसाबाईची बाजरी. ती बाई मला "ओ रेल्वे" म्हणून हाक मारते. मग गहू, मग नागली, मग डाळी. दुपारनंतर मला शेवयांच्या मशीनवर उभं करतात. बायका पिठाचे गोळे आणतात, मी वरून दाबतो, खालून शेवया येतात, त्या काठीवर झेलायच्या. पहिल्या दिवशी काठी चुकली आणि शेवया माझ्या शर्टाच्या बटणांत. रांगेतल्या सगळ्या बायका पोट धरून हसल्या. एकवीस वर्षं मी गाड्या एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घातल्या, एकही घसरली नाही. शेवया घसरल्या. मिरचीच्या मशीनकडे मी अजून जात नाही. दुरूनच शिंकतो.

सहादूराव खाटेवरून हुकूम सोडतात. काल लपून पोतं उचलायला गेले, तेव्हा मालन अशी ओरडली, की रांगेतल्या तिघींनी आपापले डबे खाली ठेवले.

मालनला काम करताना मी पहिल्यांदाच असं जवळून बघितलं, सुला. चिमूटभर पीठ घेऊन अंगठ्यावर घासते आणि सांगते, अजून बारीक पाहिजे. गिऱ्हाइकाशी भांडते, हसते, उधारी मागणाऱ्याला पाणी पाजून घरी पाठवते. सगळ्यांचे डबे तिच्या हातातून आत जातात आणि तिच्या हातातूनच बाहेर येतात. मी बघतच राहतो. मग ती म्हणते, "दादा, बघत काय बसलास? पोतं सरकव."

चौदा तारखेला जयंती. कॉलनीत निळ्या पताका लागल्यात. संध्याकाळी गिरणी लवकर बंद करून मिरवणुकीला जायचं ठरलंय. जमलं तर तू सकाळच्या पॅसेंजरनं ये. येताना आंबेमोहोर तांदूळ आण, मालनला आवडतो.

आता आजची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

सकाळी मी दारात पोती रचत होतो. एक म्हातारी बाई काठी टेकत आली. पायरीच्या खालीच उभी राहिली. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू. मालन आत होती. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो मालक, मागल्या खेपेचं पीठ जरा जाड होतं."

मी विचारलं, "कुणाच्या घरचं?"

बाई रस्त्याकडे बघायला लागल्या. मागच्या रांगेत त्यांची सून होती, ती पदरानं तोंड दाबून उभी. मग मला उमगलं, या कोण ते. चंद्रभागाबाई. अडीच वर्षं या गिरणीचं पीठ खातात आणि ते कुठून येतं हे त्यांना माहीत नाही.

मी म्हटलं, "मावशी, मी मालक नव्हे. मी मालकिणीचा भाऊ."

सुला, हे वाक्य मी तोंडातून काढलं आणि मलाच ते पुन्हा एकदा म्हणावंसं वाटलं.

बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मग तुमच्या बहिणीला सांगा," म्हणाल्या, "म्हातारीला दात नाहीत."

मालननं आतून ऐकलंच होतं. मशीनच्या आवाजावर आवाज काढून ओरडली, "उद्या बारीक करून देते, मावशी!"

"बघू," म्हणाल्या, आणि काठी टेकत गेल्या.

शर्ट पाठवायला विसरू नकोस. रांग वाढली आहे, हाक येतेय.

तुझा,
भिकन